परिवहन अर्थशास्त्र शिकायचं आहे, पण जमीन गहाण टाकून?

पत्र: मी अठ्ठावीस वर्षांची, लातूर जिल्ह्यातली. बी.ए. अर्थशास्त्र, ६४ टक्के. चार वर्षांपासून एसटीच्या विभागीय कार्यालयात सांख्यिकीचं काम करते. आगारांकडून रोज आकडे येतात: भारमान (गाडीतल्या जागा किती टक्के भरल्या), किलोमीटरमागे उत्पन्न, रद्द फेऱ्या. मी तक्ते भरून वर पाठवते. पण भाडं किती असावं, सवलतीची भरपाई किती द्यावी, हे ठरवणारी माणसं काय शिकून येतात ते कळत नाही. परदेशात परिवहनाचं अर्थशास्त्र, व्यवस्थापन आणि नियमन असा पदव्युत्तर अभ्यासक्रम असतो, असं वाचलं. एक सल्लागार म्हणतात, त्यापेक्षा लॉजिस्टिक्सचं एम.बी.ए. कर. गणित बारावीनंतर सुटलंय. वडील साडेचार एकरांवर कर्ज काढायला तयार आहेत. काय करू? – स. जा.

स. जा., जमिनीचं आधी बोलू, कारण तो निर्णय मागे घेता येत नाही. जमीन गहाण टाकू नका. पहिलं कारण व्यवहाराचं. शैक्षणिक कर्जाला शेतजमीन तारण म्हणून घ्यायला बँका सहसा राजी नसतात. थकलेल्या कर्जापोटी कोर्टात न जाता तारण ताब्यात घेऊन विकण्याचा जो अधिकार बँकांना २००२च्या सरफेसी कायद्याने मिळाला, त्यातून शेतजमीन वगळलेली आहे. म्हणजे जमिनीवर मोठी रक्कम उभी करायची तर ती बिगरशेती करा, नाहीतर सावकाराच्या दारात जा. दोन्ही वाटा एका वर्षाच्या शिक्षणासाठी घेण्यासारख्या नाहीत. दुसरं कारण हप्त्याचं. ब्रिटनमधल्या एका वर्षासाठी ३५ लाखांचं कर्ज धरा. फी, राहणं, व्हिसा आणि विमान मिळून खर्च त्याहून वर जाऊ शकतो. ११ टक्के व्याज आणि १० वर्षांची मुदत धरली तर महिन्याला सुमारे ४८,२०० रुपये हप्ता येतो, आणि शिकतानाच्या काळातलं व्याज यात नाही. भारतात या विषयातल्या सुरुवातीच्या पगारातून एवढा हप्ता फेडून घर चालवणं अवघड आहे. ‘तिकडेच दोन वर्षं नोकरी करून फेडू’ हा हिशेबही आता पूर्वीसारखा बसत नाही: पदवीनंतर कामासाठी राहण्याची मुदत १ जानेवारी २०२७पासूनच्या अर्जांना दोन वर्षांऐवजी १८ महिने होते आहे.

विषय मात्र सोडू नका. तुम्ही ज्या जागेवर बसता तिथून हा विषय शिकायला जाणारी माणसं फार थोडी असतात, आणि ती हवी आहेत.

अभ्यासक्रमाच्या नावात तीन शब्द आहेत, पण तिन्हींसाठी सारखे पैसे मोजायचे नसतात. व्यवस्थापन, म्हणजे वेळापत्रक लावणं, चालक-वाहकांच्या ड्यूट्या बसवणं, गाडी दिवसाला किती किलोमीटर चालते ते पाहणं, डिझेलचा हिशेब. हे कामावर शिकता येतं, आणि तुम्ही त्याच्या शेजारीच बसता. नियमन हे आदेश वाचून शिकायचं असतं, आणि ते आदेश सार्वजनिक आहेत, फुकट आहेत. अर्थशास्त्र मात्र, त्यातही आकड्यांवरून कारण सिद्ध करण्याचा भाग, एकट्याने शिकणं सर्वांत कठीण. आपला निष्कर्ष कुठे घसरला हे दाखवणारं जाणकार माणूस समोर लागतं. म्हणून पैसे आणि वर्ष अर्थशास्त्रावर खर्च करा. लॉजिस्टिक्सच्या एम.बी.ए.मध्ये गोदामं, साठा, पुरवठा साखळी, मालवाहतुकीचे करार हे सगळं येतं आणि खासगी क्षेत्रात त्याला नोकऱ्याही आहेत. पण भाडं किती असावं या तुमच्या प्रश्नाचं उत्तर तिथे मिळणार नाही.

ते उत्तर कसलं असतं, हे तुमच्याच टेबलावरच्या उदाहरणाने पाहू. १७ मार्च २०२३पासून एसटीत महिलांना अर्धं तिकीट आहे. समजा एका मार्गावर आधी रोज १०० महिला १०० रुपये भाडं देऊन जात होत्या, उत्पन्न १०,००० रुपये. सवलतीनंतर १६० जाऊ लागल्या, प्रत्येकी ५० रुपये, उत्पन्न ८,००० रुपये. (आकडे समजण्यापुरते घेतले आहेत.) सरकारने महामंडळाला किती द्यायचे?

एक पद्धत सरळ आहे: दर तिकिटामागे सुटलेले ५० रुपये गुणिले १६०, म्हणजे ८,०००. दुसरी इंग्लंडमध्ये कायद्याने ठरलेली आहे. तिथे ज्येष्ठांना एप्रिल २००८पासून देशभर स्थानिक बस फुकट आहे, आणि भरपाईचं तत्त्व असं की सवलतीमुळे बस चालवणाऱ्या कंपनीचा फायदाही होऊ नये आणि तोटाही. त्या तत्त्वाने पाहिलं तर तिकिटांतलं खरं नुकसान १०,००० वजा ८,०००, म्हणजे २,००० रुपये. त्यात वाढलेल्या ६० प्रवाशांमुळे प्रत्यक्ष वाढलेला खर्च मिळवायचा. सवलत नसती तर हे ६० जण गाडीत बसलेच नसते, मग त्यांचं भाडं ‘बुडालं’ म्हणता येत नाही. ८,००० आणि २,००० अधिक काहीतरी, या दोन आकड्यांमधल्या जागेत परिवहन अर्थशास्त्राचा बराचसा अभ्यासक्रम मावतो. सरकारला महामंडळाला जास्त पैसे द्यायचे असतील तर जरूर द्यावेत, ग्रामीण फेऱ्यांसाठी ते लागतातच. पण भरपाई आणि अनुदान वेगळ्या ओळींत दिसावं, म्हणजे कुठली फेरी कशाच्या जोरावर चालते ते कळेल.

आता घसरण्याच्या जागा. पहिली लवचीकतेची, म्हणजे भाडं बदललं की प्रवास किती बदलतो या मापाची. नवशिका म्हणतो, प्रवास ६० टक्क्यांनी वाढला, भाडं ५० टक्क्यांनी घटलं, लवचीकता उणे १.२. उणे चिन्ह सोडलं तर हा आकडा एकाच्या वर आहे, म्हणजे भाडं कमी केल्याने उत्पन्न वाढायला हवं होतं. पण उत्पन्न तर १०,००० वरून ८,००० वर आलं! एवढा मोठा बदल असताना साधी टक्केवारी चालत नाही, नैसर्गिक लॉग घ्यावा लागतो: १.६चा लॉग ०.४७, ०.५चा लॉग उणे ०.६९, भागाकार उणे ०.६८. आता आकडा आणि गल्ला एकच गोष्ट सांगतात.

दुसरी जागा जास्त अवघड आहे. सवलतीआधी ‘१०० महिला’ होत्या हे कळलं कुठून? पूर्ण तिकिटावर बाई की पुरुष याची नोंद होण्याचं कारणच नव्हतं. महिलांचं तिकीट मशीनमध्ये वेगळं दिसायला लागलं ते सवलतीनंतर. म्हणजे ‘नंतर’चा आकडा पक्का आणि ‘आधी’चा अंदाजाचा. तो अंदाज पूर्ण तिकिटांच्या एकूण संख्येत झालेल्या घटीवरून बांधता येतो, किंवा जुन्या प्रवासी सर्वेक्षणावरून. दोन्ही करून ते किती जुळतात ते पाहावं.

तिसरी जागा आधारवर्षाची. २०२१-२२ घेता येत नाही, कारण २०२१च्या दिवाळीच्या सुमारास सुरू झालेला संप एप्रिल २०२२पर्यंत लांबला. त्याआधीचं वर्ष कोविडचं. ऑगस्ट २०२२मध्ये ७५ वर्षांवरील ज्येष्ठांचा प्रवास मोफत झाला, म्हणजे त्यानंतरच्या एकूण आकड्यांत तोही परिणाम मिसळला. पुढे जानेवारी २०२५मध्ये भाडं १४.९५ टक्क्यांनी वाढलं. शिवाय लग्नसराई, आषाढी वारी, शाळांच्या सुट्ट्या. मार्चची तुलना मेशी केली की लग्नाचे वऱ्हाडी सवलतीच्या खात्यावर जमा होतात. तुलना त्याच महिन्याची त्याच महिन्याशी करायची आणि ज्यांना सवलत लागू नाही अशा प्रवाशांचा आकडा शेजारी ठेवायचा.

आणि खर्च. ६० जास्त प्रवाशांचा खर्च किती? दुपारी अर्ध्या रिकाम्या गाडीत ते बसले तर जवळजवळ शून्य. सकाळी आठच्या कॉलेजच्या गाडीत बसले तर जादा गाडी सोडावी लागते, आणि मग त्या गाडीचा डिझेल, चालक, वाहक, घसारा सगळा खर्च त्यांच्यामुळेच. दिवसाचं सरासरी भारमान ६० टक्के आहे, या वाक्यात हा फरक बुडून जातो. तुमच्याकडे फेरीनिहाय आकडे असतात. तेच सोनं आहे, आणि बाहेरून येणाऱ्या संशोधकांना ते सहज मिळत नाही.

नियमनाकडे वळू. भारतात ‘परिवहन नियामक’ अशी एकच कचेरी नाही. बसभाड्याबाबत निर्देश देण्याचा अधिकार १९८८च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम ६७ने राज्य सरकारला आहे. मुंबई परिसरातल्या रिक्षा-टॅक्सीचं भाडं मुंबई महानगर प्रदेश परिवहन प्राधिकरण ठरवतं. फेब्रुवारी २०२५पासून किमान भाडं रिक्षाला २६ आणि टॅक्सीला ३१ रुपये झालं ते त्यांच्याच निर्णयाने. मेट्रोसाठी २००२च्या कायद्याखाली भाडेनिश्चिती समिती बसते, तिचे अध्यक्ष उच्च न्यायालयाचे आजी किंवा माजी न्यायमूर्ती असतात. मोठ्या बंदरांचे दर १९९७पासून एक प्राधिकरण ठरवत होतं, २०२१च्या कायद्याने ते काम बंदरांच्या स्वतःच्या मंडळांकडे गेलं. रेल्वेत गाड्या चालवणारं आणि भाडं ठरवणारं मंत्रालय एकच. इटलीत याउलट तूरिनमध्ये बसणारं एकच प्राधिकरण रेल्वे, विमानतळ, महामार्गांचा टोल अशा अनेक गोष्टी पाहतं. ब्रिटनमध्ये रेल्वेला वेगळं कार्यालय, विमानतळांना वेगळं. कुठली रचना बरी, हा प्रश्न अभ्यासक्रमात खूप चघळला जातो. आमच्या मते आधी एक आदेश ओळीने ओळ वाचावा, मग रचनेवर बोलावं.

वाचण्याजोगे आदेश विमानतळांचे. विमानतळ आर्थिक नियामक प्राधिकरण २००८च्या कायद्याने आलं. वर्षाला ३५ लाखांहून जास्त प्रवासी असलेले विमानतळ त्याच्या कक्षेत येतात आणि दर पाच वर्षांसाठी ठरतात. आधी चर्चापत्र निघतं, विमान कंपन्या आणि विमानतळ त्यावर म्हणणं मांडतात, मग अंतिम आदेश येतो. प्रत्येक आक्षेप आणि त्यावरचं उत्तर त्यात छापलेलं असतं. एका वर्षात विमानतळाला दरांतून किती उत्पन्न मिळू द्यायचं, याचा हिशेब समजण्यापुरते आकडे घेऊन असा करून पाहा. वर्षाच्या सुरुवातीला मालमत्ता १,००० कोटी, वर्षात भर २०० कोटी, घसारा ६० कोटी. वर्षअखेर १,१४० कोटी, सरासरी १,०७०. त्यावर १२ टक्के परतावा १२८.४ कोटी. त्यात घसारा ६०, चालवण्याचा खर्च १५०, कर २०. बेरीज ३५८.४ कोटी. दुकानं, जाहिराती, पार्किंग यांतून १०० कोटी मिळत असतील तर त्यातले ३० टक्के वजा करायचे; २०१६च्या नागरी विमान वाहतूक धोरणाने हे प्रमाण घालून दिलं. उरले ३२८.४ कोटी. प्रवासी १.२ कोटी असतील तर माणशी सुमारे २७४ रुपये.

आता प्रवाशांचा अंदाज फक्त १० टक्क्यांनी चुकवा: १.०८ कोटी. माणशी आकडा ३०४ वर जातो. म्हणून प्रवासी-अंदाजाचं प्रकरण आधी वाचायचं. अंदाज मुद्दाम कमी धरला तर दर वाढीव मंजूर होतो. प्रत्यक्ष आणि अंदाज यांतली तफावत पुढच्या पाच वर्षांच्या हिशेबात वळती करून घेतात खरं, पण आज जादा भरणारा प्रवासी आणि पाच वर्षांनी सूट मिळणारा प्रवासी एकच असतील असं नाही. दुसरं पाहायचं ते मालमत्तेतली भर: परतावा मालमत्तेवर मिळत असेल तर गरजेपेक्षा जास्त बांधण्याचा मोह होतो. अमेरिकेतल्या टेलिफोन-तार कंपन्यांच्या संदर्भात अॅव्हर्च आणि जॉन्सन यांनी हे १९६२मध्ये मांडलं. विमानतळाच्या नव्या टर्मिनलबाबतही तोच प्रश्न विचारायचा असतो.

टोलचं सूत्र त्याहून सोपं आहे, एका संध्याकाळी होईल. २००८च्या नियमांनुसार राष्ट्रीय महामार्गांचे दर दरवर्षी ठरावीक ३ टक्के अधिक घाऊक किंमत निर्देशांकातल्या बदलाच्या ४० टक्के एवढे बदलतात. निर्देशांक ५ टक्क्यांनी वाढला तर वाढ ३ अधिक २, म्हणजे ५ टक्के. निर्देशांक साडेसात टक्क्यांहून जास्त पडल्याशिवाय दर खाली येत नाही. ब्रिटनमध्ये १९८०च्या दशकात आलेलं सूत्र उलट दिशेचं: महागाईतून काही टक्के वजा करायचे, कारण कंपनीने दरवर्षी कार्यक्षम होणं अपेक्षित. दोन्ही सूत्रं शेजारी मांडून दहा वर्षांचा तक्ता करा, जोखीम कोणाच्या गळ्यात पडते ते दिसेल.

कुठे शिकायचं? ब्रिटनमध्ये लीड्स विद्यापीठाच्या परिवहन अभ्यास संस्थेचा परिवहन अर्थशास्त्रातला एम.एस्सी. तुमच्या प्रश्नाला सर्वांत जवळचा. इंग्लंडमधल्या सवलत-भरपाईच्या हिशेबामागचं मोठं संशोधन त्याच संस्थेचं. शिवाय ब्रिटनच्या बसचा अनुभव आपल्याला फार उपयोगी आहे. ऑक्टोबर १९८६मध्ये लंडनबाहेर बससेवा खुली झाली, कोणीही नोंदणी करून मार्ग चालवावा. लंडनमध्ये मात्र मार्ग सार्वजनिक संस्थेने ठरवायचे आणि निविदेने चालवायला द्यायचे. बाहेर प्रवासी घटत गेले, लंडनने ते टिकवले आणि पुढे वाढवले. अखेर ग्रेटर मँचेस्टरने सप्टेंबर २०२३पासून जानेवारी २०२५पर्यंत टप्प्याटप्प्याने सगळ्या बस पुन्हा सार्वजनिक नियंत्रणाखाली आणल्या. एसटीचे मार्ग खुले करावेत का, वडाप आणि काळी-पिवळीला परवाने द्यावेत का, या वादात हा दाखला हाताशी असलेला बरा.

नेदरलँड्समध्ये अॅमस्टरडॅमच्या व्ही.यू. विद्यापीठात आणि रॉटरडॅमच्या इरॅस्मसमध्ये चांगले अभ्यासक्रम आहेत, पण तीन वर्षांची भारतीय पदवी तिथे अनेकदा अपुरी धरली जाते आणि गणिताचे आणि अर्थमितीचे (आकड्यांवरून आर्थिक संबंध मोजण्याच्या शास्त्राचे) श्रेयांक काटेकोरपणे पाहतात. अँटवर्प हे बंदर आणि विमान वाहतुकीसाठी. फ्लॉरेन्समधली नियमनाची शाळा छोटे अभ्यासक्रम घेते, त्यांतले काही घरबसल्या करता येतात.

भारतात पुण्याची गोखले राज्यशास्त्र आणि अर्थशास्त्र संस्था, मुंबई विद्यापीठाचा अर्थशास्त्र विभाग, गोरेगावची इंदिरा गांधी विकास संशोधन संस्था. यांपैकी कुठेही ‘परिवहन’ पाटीवर नाही, पण अर्थमिती पक्की होते आणि प्रबंधाचा विषय तुम्ही परिवहनाचा घेऊ शकता. गोखले संस्थेत तर ही वाट जुनी आहे: १९३०च्या दशकात धनंजयराव गाडगीळांनी मुंबई इलाख्यातल्या सहा जिल्ह्यांच्या मोटारबस वाहतुकीची पाहणी तिथूनच केली. दिल्लीच्या स्कूल ऑफ प्लॅनिंग अँड आर्किटेक्चरमध्ये परिवहन नियोजन आहे, पण बी.ए.वर थेट प्रवेश धरून चालू नका. वडोदऱ्याचं गतिशक्ती विद्यापीठ व्यवस्थापन आणि अभियांत्रिकीकडे झुकलेलं आहे. त्यांच्या अभ्यासक्रमांची यादी बदलते, त्या वर्षीचं माहितीपत्रक पाहा. पुण्याच्या केंद्रीय मार्ग परिवहन संस्थेत एसटीसारख्या महामंडळांच्या कर्मचाऱ्यांसाठी प्रशिक्षणवर्ग असतात. कार्यालयामार्फत नाव जात असेल तर जरूर घाला, पण तो पदवीला पर्याय नाही.

कुठल्याही अभ्यासक्रमाचं नाव बाजूला ठेवून विषयांची यादी उघडा. अर्थमिती सक्तीची आहे का? प्रवासी बस, जीप की दुचाकी निवडतो हे मोजण्याचं प्रतिमान (मॉडेल) हाताने बांधून घेतात का? या पद्धतीचा पाया घालणाऱ्या डॅनियल मॅकफॅडन यांना २०००मध्ये नोबेल मिळालं; ती न शिकवता कोणी परिवहन अर्थशास्त्राची पदवी देत असेल तर फी वाचवा. लाभ-खर्च विश्लेषण, भाडे आणि रस्तादर ठरवण्याचा सिद्धांत, आणि प्रबंधाला किमान तीन-चार महिने, एवढंही पाहा.

आमचा सल्ला असा. येत्या वर्षी ब्रिटन सरकारच्या चेवनिंग शिष्यवृत्तीला अर्ज करा. पदवी आणि २,८०० तासांचा, म्हणजे साधारण दोन वर्षांचा अनुभव लागतो. तुमच्याकडे चार वर्षांचा आहे. अर्ज साधारण ऑगस्टमध्ये सुरू होऊन ऑक्टोबरच्या सुरुवातीला बंद होतात, तीन अभ्यासक्रम निवडावे लागतात आणि शिकून झाल्यावर दोन वर्षं मायदेशी राहण्याची अट असते. ती तुमच्या फायद्याचीच आहे. कॉमनवेल्थ शिष्यवृत्त्याही पाहा. तुम्ही अनुसूचित जातीतल्या असाल तर राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेशी शिष्यवृत्ती आहे. विद्यापीठाच्या जागतिक क्रमांकाची आणि उत्पन्नाची अट त्या वर्षीच्या जाहिरातीत तपासा. टाटांची १८९२पासून चालत आलेली जे. एन. टाटा निधीची मदत कर्जरूपाने मिळते, पूर्ण खर्च तिच्यातून भागत नाही. स्वतःचे थोडे पैसे घालावे लागले तर एक गोष्ट लक्षात ठेवा: ब्रिटनच्या विद्यार्थी व्हिसासाठी उरलेली फी आणि जास्तीत जास्त नऊ महिन्यांचा राहण्याचा खर्च खात्यात सलग २८ दिवस दिसावा लागतो. एक दिवस जरी शिल्लक खाली गेली तरी अर्ज नाकारला जाऊ शकतो. आरोग्य अधिभार वर्षाला ७७६ पौंड, तो व्हिसाच्या अर्जासोबतच भरायचा.

दोन फेऱ्यांत शिष्यवृत्ती मिळाली नाही तर पुण्यात किंवा मुंबईत अर्थशास्त्राची पदव्युत्तर पदवी करा. तो पराभव नाही. या वाटेने गेलेल्याचं गणित एका वर्षाच्या परदेशी पदवीपेक्षा पक्कं असू शकतं, आणि वडिलांची जमीन जागेवर राहते.

गणितासाठी आठ महिने द्या, रोज तासभर. आधी बारावीचं कलन पुन्हा: अवकलन, मग अनेक चलांचं अवकलन आणि बंधन असताना कमाल-किमान काढणं, खर्च आणि भाड्याचा सगळा सिद्धांत या एका हत्यारावर चालतो. मग संभाव्यता आणि समाश्रयण (रिग्रेशन, म्हणजे एक आकडा दुसऱ्यांबरोबर किती बदलतो ते काढणं). समाश्रयण पुस्तकातल्या आकड्यांवर शिकू नका, तुमच्या एका आगाराचे ३६ महिन्यांचे आकडे घ्या आणि आर या फुकट सॉफ्टवेअरमध्ये चालवा. शेवटचे दोन महिने निवड-प्रतिमानं. त्यासाठीचं अपोलो हे आरमध्येच चालणारं पॅकेज लीड्समध्ये तयार झालं आणि तेही फुकट आहे. लोक इथे हरतात ते बुद्धीने नाही. थेट प्रतिमानांवर उडी मारतात, आउटपुट येतं, पण त्यातला उणे-अधिक उलटा आला तर का आला हे सांगता येत नाही. भाडं वाढलं की प्रवासी वाढतात असं तुमच्या समाश्रयणात दिसलं, तर बहुधा भाडेवाढीच्या वेळीच गाड्याही वाढल्या होत्या आणि ते चल, म्हणजे गाड्यांची संख्या, तुम्ही घातलेलं नाही.

नोकरीबद्दल स्पष्ट सांगतो. ‘परिवहन अर्थतज्ज्ञ’ अशा नावाच्या जागा आपल्याकडे मोजक्या. काम असतं ते दर विश्लेषक, प्रवासी-अंदाज, प्रकल्प मूल्यमापन अशा नावांखाली: सल्लागार कंपन्यांत, मेट्रो महामंडळांत, विमानतळ आणि त्यांच्या नियामकाकडे, विकास बँकांच्या प्रकल्पांत. एक क्षेत्र वाढतं आहे आणि तिथे जाणकार कमी आहेत: खासगी बस किलोमीटरच्या दराने भाड्याने घेण्याचे करार. दर किलोमीटर किती, किमान किती किलोमीटरची हमी, डिझेल किंवा वीज महागली तर दर कसा वाढणार, फेरी चुकली तर दंड किती. आपल्याकडे बसचं खरं नियमन आज या करारांच्या कलमांत होतं. हमीचे किलोमीटर जास्त लिहिले गेले की गाड्या उभ्या राहूनही पैसे जातात. दंड फार मोठा लिहिला की तो वसूलच होत नाही. हे कलम वाचून त्याचा पैशातला परिणाम काढू शकणारी व्यक्ती कुठल्याही शहर बससेवेला हवी असते.

अर्जातल्या उद्देशपत्रात ‘लहानपणापासून एसटीची ओढ’ लिहू नका. पहिल्याच परिच्छेदात एक प्रश्न मांडा: सवलतीनंतर वाढलेल्या महिला प्रवाशांपैकी नव्याने प्रवास करू लागलेल्या किती आणि जीपमधून आलेल्या किती, आणि त्यावरून भरपाई किती असावी. मग तुमच्याकडे कुठले आकडे आहेत, त्यांत काय उणीव आहे, आणि ती भरायला कोणती पद्धत शिकायची आहे. निवड करणाऱ्यांना एवढं पुरतं. ‘महाराष्ट्राची वाहतूक समस्या आणि उपाय’ असा विषय दिला तर पत्र बाजूला पडतं.

या महिन्यात दोन कागद करा. एक, आस्थापना शाखेला लेखी विचारा की पदव्युत्तर शिक्षणासाठी अध्ययन रजा मिळते का, किती, विनावेतन की सवेतन, आणि परत आल्यावर किती वर्षांचं बंधपत्र द्यावं लागतं. तोंडी उत्तरावर राजीनामा देऊ नका. दोन, संशोधनासाठी आकडे वापरण्याची परवानगी मागा. कामानिमित्त आकडे हाताशी आहेत म्हणून ते प्रबंधात वापरता येत नाहीत. विद्यापीठाची नैतिकता समिती परवानगीपत्र मागते आणि ते नसलं तर काम ऐन वेळी अडतं. अर्जात विभागाचं नाव, दोन किंवा तीन आगारं, एप्रिल २०२२ ते मार्च २०२५ हा काळ, आणि फेरीनिहाय तिकीटप्रकार, किलोमीटर आणि उत्पन्न एवढंच लिहा. वाहकांची नावं आणि क्रमांक वगळून द्यावेत, असं स्वतःच नमूद करा. ‘सर्व उपलब्ध माहिती’ मागितली तर फाइल वर जाते आणि तिथेच राहते.